गाडी घ्यायची की नाही: पगारी ड्रायव्हरचा मालक-चालक होताना गेलेलं सव्वा वर्ष

बुधवारी ९ एप्रिल २०२५ ला दुपारी अडीचच्या सुमारास मोबाईलवर मेसेज आला, गाडीची मालकी बदलली म्हणून. सहाचाकी, २०१७ चं मॉडेल, पासिंग केए २३, म्हणजे कर्नाटकातल्या चिक्कोडीचं. मी त्यावेळी अजून दुसऱ्याच्याच गाडीवर होतो, हत्तरगीचा टोल ओलांडून गाडी बाजूला घेतली आणि मेसेज तीनदा वाचला. चौदा वर्षं पगारावर गाडी चालवली, माझं नाव असलेली आरसी पहिल्यांदाच बघत होतो.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात माझ्यासारखे ड्रायव्हर खूप आहेत. जेवायला चौघं एकत्र बसले की आपली एक गाडी पाहिजे होती हा विषय निघतोच. मलाही लई जणांनी सल्ले दिले, पण एक तर घे घे म्हणणारे नाहीतर मरशील म्हणणारे. कागद घेऊन शेजारी बसून हिशोब दाखवणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जसं घडलं तसं तारखांसकट लिहितो. आकडे माझ्या गाडीचे आणि माझ्या लाईनचे आहेत, तुमच्या लाईनला वेगळे येणार.

सुरुवात जानेवारी २०२४ ची. १ तारखेला ड्रायव्हर लोकांचा संप सुरू झाला. नवीन न्याय संहितेतलं १०६ (२) कलम, अपघातात कुणी मेलं आणि न कळवता निघून गेलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्यावरून सगळे पेटलेले. मी पुण्याच्या अलीकडं एका ढाब्याच्या मैदानात अडकलो, आजूबाजूला पन्नास-साठ गाड्या. दुसऱ्या दिवशी रात्री सरकारनं आश्वासन दिलं आणि गाड्या हलल्या. पण त्या दोन दिवसात सांगलीकडचा एक जण शेजारी होता, स्वतःची गाडी स्वतः चालवणारा. आम्ही सगळे जोरात बोलत होतो आणि तो गप्प बसलेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, तुमचा पगार चालू आहे, माझा हप्ता चालू आहे. एवढंच बोलला. ते वाक्य माझ्या डोक्यातनं पुढं वर्षभर गेलं नाही.

फेब्रुवारीत आमच्या मालकांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, दहाचाकी विकायची काढली. त्यांच्या चार गाड्यांपैकी ही २०१९ ची, मीच पाच वर्षं चालवलेली. कुठल्या गिअरला कसला आवाज येतो, चढाला कितव्या मिनिटाला काटा वर जातो, सगळं मला पाठ. आण्णा म्हणाले, "दुसऱ्याला कशाला देऊ, तूच घे की. साडेपंधरा लाख सांगतोय, तुला बघू काय ते." त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला सांगितलं तर ती देवघरात जाऊन बसली. बायको तेवढी म्हणाली, आधी लिहून काढूया.

तिचं शिक्षण बारावी कॉमर्स, गावातल्या बचत गटाचा हिशोब तीच ठेवते. तिचं म्हणणं असं की गाडी तुम्हीच चालवताय, मग ती आपलीच आहे असं समजून तीन महिने लिहूया, काय उरतंय ते आपोआप दिसेल. मी आण्णांना विचारलं, तुमच्या गाडीचा हिशोब लिहिला तर चालेल का. मनानं मोठा माणूस, म्हणाले, "लिही की, मला पण दाखव."

१ मार्च ते ३१ मे २०२४, ब्याण्णव दिवस. दोनशे पानी वही घेतली, तिला ताडपत्रीच्या दोरीनं पेन्सिल बांधली आणि केबिनमध्ये डोक्यावरच्या कप्प्यात ठेवली. रोज रात्री एक ओळ. बायकोनं अक्षरं ठरवून दिली होती. प म्हणजे गाडी पळाली, थ म्हणजे माल भरायला किंवा उतरायला थांबली, र म्हणजे रिटर्न मालाची वाट बघत उभी, ग म्हणजे गॅरेज, घ म्हणजे घरी. त्याच्यापुढं डिझेल किती, टोल किती, हमाली आणि वाराई म्हणजे माल चढवा-उतरवायची मजुरी, दलाली, चहापाणी. पहिल्या आठवड्यात कंटाळा आला, नंतर सवय झाली. मी फोनवर सांगायचो आणि ती घरी दुसऱ्या वहीत उतरून घ्यायची, म्हणजे एक हरवली तर दुसरी आहे.

माझी लाईन ठरलेली होती. कागल, निपाणी भागातनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, नाहीतर साखर भरून बेंगळूर, जास्त करून पीन्याच्या औद्योगिक भागात, आणि तिकडनं मिळेल तो माल घेऊन परत. एक फेरी साधारण ११६० किलोमीटर. जाताना १८ टनाला भाडं सरासरी २७ हजार, येताना २० हजार. गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे २९० लिटर, तेव्हा आपल्याकडं डिझेल ८६ च्या आसपास, म्हणजे २५ हजार त्यातच गेले. टोल ५ हजार २००. दलाली, वाराई, हमाली धरून २ हजार, माझं खाणं आणि किरकोळ हजाराच्या आत. एका फेरीला राहिले १३ हजार ९००.

इथंपर्यंत हिशोब केला तेव्हा मी खुशीत होतो. महिन्याला सहा फेऱ्या धरल्या तर ८३ हजार, माझा पगार १९ हजार आणि वर भत्ता. आपण एवढी वर्षं काय करत बसलो असं वाटलं.

मग बायकोनं अक्षरं मोजली. ९२ दिवसांत प आले ५१. थ आले २३. र ११. गॅरेज ४, घरी ३. फेऱ्या झाल्या १४, म्हणजे महिन्याला पाचसुद्धा पडत नाहीत.

ते २३ थ बघून मला धक्का बसला, कारण पगारावर असताना थांबलेला दिवस कधी मोजलाच नव्हता. पीन्यात एकदा शनिवारी सकाळी पोचलो, दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना बंदी असते म्हणून बाहेर थांबलो, रात्री आत गेलो तर गोडाऊन बंद, रविवार सुट्टी, सोमवारी माझ्या आधीच्या पाच गाड्या, मंगळवारी दुपारी माल उतरला. त्या तीन दिवसांत मी गाडीखाली सावलीत स्टोव्ह लावून भात केला, कपडे धुतले, मोबाईल बघितला, मला तो आराम वाटत होता. वहीत त्याच तीन दिवसांसमोर थ थ थ. आणि हप्ता रोजचा किती पडतो ते आम्ही तोपर्यंत काढलं होतं, अकराशेच्या वर.

हप्त्याचं सांगतो, कारण इथं लई जण फसतात. माझ्याकडं साडेतीन लाख होते, १२ लाख कर्ज लागणार होतं. एप्रिलमध्ये एका फायनान्सचा माणूस घरी आला, सगळं गोड बोलला, व्याज फक्त ९ टक्के म्हणाला, चार वर्षं. त्याच आठवड्यात एका बँकेत गेलो, तिथं १५ टक्के सांगितलं. मला वाटलं बँक लुटायला बसली आहे. पण फायनान्सवाल्याचे ९ टक्के फ्लॅट होते. म्हणजे १२ लाखांवर चारही वर्षं पूर्ण १२ लाखांचंच व्याज, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी व्याज कमी होत नाही. ४ लाख ३२ हजार व्याज, एकूण १६ लाख ३२ हजार भागिले ४८, हप्ता बरोबर ३४ हजार. बँकेचं १५ टक्के घटत्या शिलकीवर होतं, त्याचा हप्ता ३३ हजार ४०० च्या आसपास. म्हणजे ९ टक्केवालाच महाग निघाला, घटत्या हिशोबानं तो १६ टक्के पडतो. तेव्हा कुणीही टक्के सांगितले की आधी विचारा फ्लॅट का रिड्युसिंग, आणि हप्ता गुणिले महिने करून एकूण रक्कम त्यांच्याच कागदावर लिहून घ्या.

बँकेचं कर्ज तसंही मिळालं नसतं. त्यांनी मागच्या वर्षांची रिटर्न मागितली आणि माझा पगार रोखीत, चौदा वर्षं काम करून कागदावर मी कुठंच नाही. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं, त्याच जूनमध्ये मी पहिल्यांदा इन्कम टॅक्स रिटर्न भरलं आणि आण्णांना पगार खात्यावर टाकायला सांगितलं. ज्यांना दोन वर्षांनी जरी गाडी घ्यायची असेल त्यांनी हे आजच सुरू करा.

आता वहीचा शेवट. १४ फेऱ्यांचे १ लाख ९४ हजार, महिन्याला ६५ हजार धरा. त्यातनं हप्ता ३३ हजार ४००. इन्शुरन्स, तिमाही टॅक्स, फिटनेस म्हणजे गाडी चालवायला ठीक असल्याचा दाखला, परमिट मिळून महिन्याचे ११ हजार, यात नॅशनल परमिटचे वर्षाला साडेसोळा हजार आणि वर ऑथोरायझेशनचे हजार, आणि २० ते ४० टनातल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीच ४३ हजार ९५० आहे, वर टॅक्स वेगळा. टायर किलोमीटरला दोन रुपये धरले, तेसुद्धा मागं रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन रबर चढवलेले टायर वापरून, ते झाले १० हजार ८००. ऑईल, ग्रीस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), क्लचप्लेट असं मेंटेनन्सला ६ हजार. सगळं वजा जाता हातात राहिले साडेतीन हजार. महिन्याला. स्वतः चालवून.

आण्णांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं वाचली आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंयस. माझ्या गाडीला हप्ता नाही म्हणून ती मला परवडते. आणि पंपावर माझी उधारी चालते, तुला कोण देणार?" हे दुसरं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाला भाड्यातले काही पैसे ॲडव्हान्स देतो, बाकीचा बॅलन्स पोच पावती परत आल्यावर, आणि तो पंधरा दिवसांनी पण येतो, दीड महिन्यानं पण. तोपर्यंत पुढच्या फेरीचं डिझेल स्वतःच्या खिशातनं टाकायचं. म्हणजे गाडीच्या किमतीशिवाय पन्नास-साठ हजार वेगळे लागतात, आणि त्याला हात लावायचा नाही.

तरीही मी घ्यायचाच विचार करत होतो. भाव थोडा कमी करून घेऊ, रिटर्न माल लवकर शोधू, थ कमी करू, अशी मनाची समजूत. मग १५ जून २०२४ ला कर्नाटक सरकारनं विक्रीकर वाढवला आणि डिझेल लिटरला तीन रुपयांनी वाढलं. तीन रुपये म्हणजे काय मोठं असं पगारी ड्रायव्हरला वाटतं. २९० लिटरला ८७० रुपये, महिन्याच्या साडेचार फेऱ्यांना चार हजार. माझे साडेतीन हजार गेले आणि वर वजा. एका रात्रीत. आमच्या पट्ट्याला डिझेलचाच काय तो आधार, महाराष्ट्रातल्या गाड्या कोगनोळी ओलांडून इकडं टाकी फुल करून जायच्या, तो फरकसुद्धा कमी झाला.

बायको म्हणाली, "अवो, आणि पावसात हप्ता थांबतोय व्हय?" तिला जुलै २०२१ आठवत होतं. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि मी तवंदी घाटाच्या वर तीन रात्री गाडीत काढल्या होत्या. तेव्हा मला काळजी फक्त घरच्यांची होती. मालक असतो तर काय झालं असतं ते आता कळलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आण्णांना नाही म्हणून सांगितलं. सांगताना आवाज फुटत नव्हता. ऑगस्टमध्ये ती दहाचाकी संकेश्वरकडच्या एकानं नेली. महिन्याभरानं कोगनोळीच्या टोलला रांगेत माझ्या पुढं तीच उभी. केबिनला नवीन रंग, वर दुसरं नाव, पण मागच्या फाळक्याला उजव्या कोपऱ्यात पोचा होता तसाच, २०२१ ला रिव्हर्स घेताना माझ्याच हातनं पडलेला. रांग पुढं सरकेपर्यंत मी त्या पोच्याकडं बघत होतो. बरोबर निर्णय घेतला हे माहीत असूनही पोटात कालवलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी एक नियम घातला. सगळ्यात वाईट महिन्यात, म्हणजे पाऊस, संप, गॅरेज सगळं धरून जेवढ्या फेऱ्या होतात, तेवढ्यात हप्ता आणि कागद निघाले पाहिजेत. चांगल्या महिन्याचा हिशोब करायचाच नाही. त्या नियमानं बघितलं तर दोन गोष्टी दिसल्या, कर्ज लहान पाहिजे आणि लाईन जवळची पाहिजे. बेंगळूरला एक थ पडला की पूर्ण आठवडा जातो. बेळगावच्या उद्यमबागेतनं पुण्याला कास्टिंग आणि मशीनचे पार्ट जातात, एकेरी ३४० किलोमीटर, रात्रीत पोचतो, आणि पुण्यातनं इकडं हार्डवेअर, रंगाचे डबे, किराणा असा दहा टनाचा माल बऱ्याचदा मिळतो. त्याला सहाचाकी पुरते.

सप्टेंबर ते जानेवारी मी पगारावरच राहिलो आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या बघितल्या. अकरा बघितल्या. कोल्हापूरला एक एमएच ०९ होती, गाडी चांगली आणि आमच्याकडच्या भावापेक्षा ४० हजारांनी स्वस्त. पण मी राहतो कर्नाटकात, गाडी इथं बारा महिन्यांवर ठेवायची तर कोल्हापूरहून एनओसी आणून इथलं पासिंग करावं लागतं, टॅक्स इथं भरावा लागतो, त्यात ते ४० हजार आणि दोन महिने जातात. दुसरं म्हणजे ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादाच्या वेळी हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली ते मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर तिकडं महाराष्ट्रात इकडच्या गाड्यांना काळं फासलं तेही विसरलेलो नाही. आपलं पोट दोन्हीकडं आहे. नंबर कुठलाही घेतला तरी कधीतरी भीती आहेच, मग निदान कागद तरी घराजवळचे असावेत म्हणून केए २३ घ्यायची ठरवली, चिक्कोडीचं आरटीओ जवळ पडतं.

वयाचं पण बघा. दोन ॲक्सलच्या, म्हणजे सहाचाकी गाडीला नॅशनल परमिट बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टी ॲक्सलला पंधरा. २०१७ ची घेतली तर २०२९ पर्यंत. मला तीन वर्षांत कर्ज संपवायचं होतं म्हणजे परमिट संपायच्या आधी एक वर्ष हप्त्याशिवाय मिळतं. २०१४ ची दीड लाखानं स्वस्त मिळत होती, पण मग हप्ते संपायच्या आधीच परमिट संपलं असतं. आठ वर्षांवर गाडी गेली की फिटनेस दरवर्षी करायला लागतो, तो खर्च धरून ठेवा.

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये हुक्केरीकडं एक मिळाली. निपाणीच्या मेस्त्री चाचांना मोटरसायकलवर घालून घेऊन गेलो, त्यांना हजार रुपये दिले, ते माझे सगळ्यात कामाला आलेले हजार रुपये. त्यांनी इंजिन चालूच केलं नाही आधी. पहिल्यांदा बोनेटला हात लावून बघितला गरम आहे का, म्हणाले विकणारा आधी गाडी तापवून ठेवतो म्हणजे सकाळचा धूर दिसत नाही. मग खाली झोपून टॉर्च लावून चेसिस बघितली, पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंगचा डाग आहे का, रंग एकसारखा जुना आहे का कुठं नवीन मारलाय. मग ऑईलचं झाकण काढून वास घेतला. सगळं झाल्यावर थंड इंजिन चालू केलं आणि दहा मिनिटं काही न बोलता ऐकत उभे राहिले. मग मला एवढंच म्हणाले, "क्लच सहा महिन्यांत घालावा लागंल. बाकी घे." क्लच ऑगस्टमध्ये घातला, त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

सौदा ८ लाख २५ हजारांना. माझे साडेतीन लाख वाढत वाढत, भिशीचे सव्वा लाख धरून, साडेपाच झाले होते. गावातल्या सौहार्द सहकारी संस्थेतनं साडेतीन लाख कर्ज, १३ टक्के घटत्या शिलकीवर, तीन वर्षं, हप्ता ११ हजार ८००. दोन जामीन लागले, एक मेव्हणा आणि दुसरे स्वतः आण्णा. त्यांनी सही करताना वही मागितली आणि नवीन हिशोबाचं पान बघूनच सही केली. पुण्याची एक फेरी सगळं जाता सहा हजारांच्या थोडं वर देते, महिन्याला पाच फेऱ्या झाल्या तरी हप्ता, कागद, टायर, मेंटेनन्स निघतो आणि हजार-दीड हजार राहतात. पाचवर एक जरी झाली की घरात.

कागदांना मात्र दोन महिने गेले. विकणाऱ्याचं कर्ज २०२१ ला फिटलं होतं पण आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच. तो उतरवायला फायनान्सची एनओसी आणि ३५ नंबर फॉर्म लागतो, आणि त्या कंपनीची जवळची शाखा बंद झालेली, एनओसी येईपर्यंत २४ दिवस. त्यात एका परराज्यातलं जुनं चलन निघालं, ते विकणाऱ्यानं भरलं. हे सगळं ॲडव्हान्स द्यायच्या आधी गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या साईटवर बघता येतं, मी ५० हजार देऊन झाल्यावर बघितलं, नशीब माणूस चांगला होता. नंतर २९ नंबर फॉर्मच्या दोन प्रती, ३० नंबर, नवीन कर्जाचा ३४ नंबर, चेसिस नंबरची पेन्सिलनं काढलेली छाप, इन्शुरन्स, पोल्युशन. मला कानडी बोलायला येतं, वाचायला अडतं, त्यामुळं शेजारच्या पोराला दोन दिवस बरोबर नेलं, हायस्कूलला कानडी शिकलेला, त्यानं फॉर्म वाचून दाखवले. एजंटनं साडेसात हजार सांगितले होते, मी काही कामं स्वतः केली, तरी फिटनेसच्या दिवशी एजंट घेतलाच, लाज वाटायचं कारण नाही.

जुन्या मालकाचा फास्टॅग त्यांना बंद करायला लावा आणि आपल्या नावावर नवीन घ्या, नाहीतर टोल त्यांच्या खात्यातनं जातो आणि भांडणं होतात. ट्रान्सपोर्टवाल्यांना पॅन कार्ड आणि दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत असं लिहून दिलं की भाड्यातनं टीडीएस कापत नाहीत. मी पहिल्या दोन भाड्यांना दिलं नव्हतं, दोन्हीत कापलं. आणि ओव्हरलोड भरायचं नाही हे आधीच ठरवा. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो दोन टन जास्त टाक, सगळे टाकतात. कायद्यात दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, तो आता आण्णा भरणार नाहीत.

९ तारखेला नाव लागलं. १३ ला आण्णांकडचं शेवटचं काम संपवलं, त्यांनी शर्टपीस आणि नारळ दिला. आणि १४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून कर्नाटकात लॉरी मालकांचा बेमुदत संप सुरू झाला, कारण १ तारखेला सरकारनं डिझेलवर परत दोन रुपये वाढवले होते. नारळ फोडलेली, हार घातलेली गाडी तीन दिवस दारात. नवीन वहीच्या पहिल्या पानावर बायकोनं लिहिलं थ, थ, थ. मला तो सांगलीचा माणूस आठवला. त्याचा नंबर घेतला असता तर फोन केला असता.

एप्रिलमध्ये तीन फेऱ्या झाल्या, हप्ता बाजूला ठेवलेल्या पैशातनं भरला. मेमध्ये सात. जूनमध्ये सहा. जुलै पावसाचा, पाच. ऑगस्टला क्लचमध्ये चार दिवस गेले तरी सहा झाल्या. मुलगी म्हणते पप्पा आता जास्त दिवस घरी असतात, आणि वहीत बघितलं तर घ खरंच वाढलेत, कारण पुण्याहून आलो की माल भरेपर्यंत गाडी उद्यमबागेत आणि मी घरी येऊन जातो.

हे लिहितोय तेव्हा भोसरीत एका कंपनीच्या गेटबाहेर आहे. सकाळी सातला नंबर लावलाय, आता दोन वाजले, पुढं अजून तीन गाड्या. बायकोला आजचा थ कळवला. दलालाचा फोन येऊन गेला, साताऱ्यापर्यंतचा अर्धा माल लगेच मिळतोय, नाहीतर रात्री थांबलं तर उद्या बेळगावचा पूर्ण माल मिळेल म्हणतो. सातारा ते बेळगाव रिकामी आणायची तर डिझेल किती आणि एक र पडला तर किती, तिनं वही काढली आहे, दहा मिनिटांत फोन करते म्हणाली.